खोलीचा रकाना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझी बाज अंगणात नेली. उन्हाळ्यात हे रोजचंच होतं. दिवसभर बाज ओसरीत भिंतीला उभी राहायची अन् दिवेलागणीच्या आधी कडुनिंबाखाली जायची. डोक्याकडचं टोक मी धरायचो, पायाकडचं माझी बायको. ओसरीच्या पायरीवर बाज थोडी कलती करावी लागे. ती न सांगता तिकडून कलती करायची. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. त्या दिवशी मात्र तिनं आपलं टोक मधेच दोनदा खाली टेकवलं.

बाज टाकून झाली तशी ती तिच्यावर बसली.

"बसू द्या घडीभर," म्हणे.

पदरानं वारा घेत बसली. तोंड लाल झालं होतं, पण घामाचा एक थेंब नव्हता. हे मला आता आठवते. तेव्हा मी रस्त्याकडे पाहत होतो. पारावर बसायला माणसं निघाली होती.

"ऊठ आता," मी म्हणालो. "लोकं जाऊन राह्यले. बाई अंगणात बाजेवर बसली, बरं दिसते काय?"

"लोकाइले दुसरं काही काम नाही काय?" ती म्हणाली. पण उठली. माझी उशी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला अन् आत गेली. आत म्हणजे कापसाच्या खोलीत.

ती खोली काय होती ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

कापसाला भाव नव्हता ते दिवस. आज चढेल, उद्या चढेल करत सगळ्या गावानं कापूस घरात भरून ठेवला होता. आमच्या घराला दोन खोल्या, दोन्हीवर टिनाचे पत्रे. पुढच्या खोलीत सून अन् नात. मुलगा अंगणात बैलबंडीवर निजायचा, मी बाजेवर. मागची खोली खालपासून टिनापर्यंत कापसानं भरली होती. दारापाशी एका माणसाला आडवं होता येईल एवढी जागा उरली होती. तिथं माझी बायको निजायची. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यापाशी घरची बाई पाहिजे, ही आमच्या घरची रीत. माझी माय निजत होती, मग ही निजायला लागली. एरवी कापूस संक्रांतीच्या आतबाहेर विकून मोकळा व्हायचा. थंडीत कापसापाशी निजणं सुखाचं असते. त्या वर्षांत तो मे महिन्यापर्यंत घरात राहायला लागला, पण रीत तीच राहिली. हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यातरी नाही.

त्या खोलीची खिडकी बंद, कारण चुलीची ठिणगी उडून आत गेली तर घर जाईल. पंखा नाही, कारण कापूस उडते अन् वायरचा भरवसा नाही. भुईवर पाणी मारायचं नाही, कारण कापूस पिवळा पडते. वरून टीन तापायचं अन् आतला कापूस ती गरमी धरून ठेवायचा. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. करंजाचं तेल चोपडून ती निजायची.

एकदा तिनं लोटाभर पाणी भुईवर शिंपडलं, तर मी ओरडलो होतो.

"विकाच्या टायमाले तुम्हीच कापसावर पाणी मारता, वजन भराले," ती म्हणाली. "तवा नाही पिवळा पडत. माह्या लोटाभर पाण्यानं पडते!"

शेजारची बुढी कुंपणापलीकडे होती, तिनं ऐकलं अन् ती हसत सुटली. मला राग आला. कारण ते खरं होतं.

त्याच उन्हाळ्यात एक कॉलेजातली पोरगी आमच्या गावात आली. शहरातली होती. घाटंजीहून एसटीनं उतरली, डोक्याला ओढणी बांधलेली, पाठीवर पिशवी. तिचा अभ्यास होता. ऊन, दुष्काळ, अवकाळी पाऊस, यांचा मार बाईला जास्त लागते की माणसाला, अन् लागते तर काहून लागते, असा. पंचायतीनं तिला चार-पाच घरं दाखवली, त्यात आमचं एक. ती ओसरीत बसली. सुनेनं पाणी दिलं. आजूबाजूचे पाचसात लोक जमा झाले.

"आजोबा, उन्हाळा पूर्वीसारखाच आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. आता जास्त तापते. पह्यले रात्री गार पडे, आता पडत नाही."

"मग घरात त्याचा जास्त त्रास कुणाला होतो?"

"मले. शेतात मी जातो."

"आणि आजींना?"

"ते कायले जाते उन्हात? घरातच असते. अन् ऊन काय लुगडं पाहून पडते काय, पोरी?"

सगळे हसले. तीही हसली, पण तिनं ते लिहूनही घेतलं. ते मला खटकलं. हसली तर लिहायचं काहून?

मग तिनं खडूनं ओसरीत आमचं घर काढलं. अंगण, पुढची खोली, मागची खोली, चूल, हापशी, शेत. मला तुरीचे आठ दाणे दिले, बायकोला सरकीचे आठ. दिवसरात्रीचे आठ पहर, म्हणे. ज्या पहराला जिथं असाल तिथं दाणा ठेवा.

मी पटापट ठेवले. एक शेतात, एक पारावर, बाकी सहा अंगणात कडुनिंबाखाली.

"पाहा बाप्पा," बायको म्हणाली. "सारे दाणे झाडाखालीच पडले बुढ्याचे. चिमण्या खातीन."

लोक पुन्हा हसले. मग तिनं आपले ठेवले. एक हापशीवर, दोन चुलीपाशी. उरलेले पाच एकेक करून मागच्या खोलीत.

"आजी, रात्रीचे चार समजले," पोरगी म्हणाली. "पाचवा कधीचा?"

"दुपारचा."

"दुपारी पण तिथंच?"

"दुपारी अंगणात माणसं पडलेले राह्यते ना व माय. मी कोठं पडू? तेथं जरा आडोसा आहे."

पोरगी त्या पाच दाण्यांकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. मला त्यात काही दिसलं नाही. बाई घरात, माणूस भायेर. यात अभ्यास काय करायचा?

जाताना तिनं काचेच्या दोन नळ्या दिल्या, लाकडी पट्टीवर बसवलेल्या, आत लाल रेघ. गरमी वाढली की रेघ वर चढते. एक तिनं कडुनिंबाला बांधली, एक मागच्या खोलीत दाराच्या आतल्या खुंटीला टांगली. मला एक वही दिली. तिच्यात दोन रकाने आखले होते, अंगण अन् खोली. सकाळ, दुपार, दिवेलागण, तीन वेळा दोन्हीचा आकडा लिहायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, तेवढं मला जमत होतं.

"आजी, तुम्ही पण पाहत जा हं," ती म्हणाली.

"मले आकडे नाही येत."

"बरं, मग राहू द्या."

"राहू कायले देऊ? आकडे नाही येत, पर लाल रेघ कोठं गेली ते तं दिसते. आंधळी नाही मी."

वही मी नेमानं लिहिली. एक दिवस चुकवला नाही. पण कशी लिहिली ते सांगतो. कडुनिंबाची नळी झाडाखाली पडल्यापडल्या दिसायची. तिचा आकडा मी अंगणाच्या रकान्यात लिहायचो. अन् तोच खोलीच्या रकान्यात. पहिल्या दिवशी दुपारी मी खोलीत शिरलो होतो. दार उघडल्याबरोबर भट्टीसारखी वाफ तोंडावर आली अन् नाकात कापूस गेला. मी तसाच मागं फिरलो. कोण दिवसातून तीनदा त्या गरमीत जाते? घर एक, ऊन एक, आकडाही एकच असणार. असं मी स्वतःला सांगितलं. खोलीत गरमी फार म्हणून मी आत गेलो नाही अन् खोलीत गरमी नाही असं लिहून ठेवलं. याला काय म्हणायचं ते मला शाळेत शिकवलं नाही.

काही दिवसांनी पोरगी पुन्हा आली, अन् शेजारचे लोक पुन्हा जमले. वही चाळली. भुवई चढवली.

"आजोबा, दोन्ही रकाने अगदी सारखे कसे?"

"घर एकच आहे ना."

चुलीपाशी बायको भाकर थापत होती. तिथूनच म्हणाली, "बुढ्याले आत याले जीवावर येते."

"तू गप बस," मी म्हणालो.

पोरगी उठून मागच्या खोलीत गेली अन् बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ओढणीनं मान पुसत होती.

"आजोबा, आतल्या नळीच्या पट्टीवर चुन्याचे ठिपके आहेत. ते कुणी केले?"

"माहे आहे," बायको म्हणाली. तंबाखूची चंची तिच्या कमरेला असायचीच. "दिवेलागणीले निजाले जागा झाडतो ना, तवा पाहतो रेघ कोठं हाय, अन् बोटानं चुना लावतो."

आमच्याकडे बाईही 'पाहतो', 'लावतो' असंच म्हणते.

"कालच्या संध्याकाळचा ठिपका कोणता, आजी?"

"सगळ्यात वरचा."

"तो चव्वेचाळीसवर आहे," पोरगी मला म्हणाली. "तुम्ही लिहिलंय एकोणचाळीस."

"चुन्याचा ठिपका म्हणजे काय अभ्यास झाला?" मी म्हणालो. "तिचं बोट जाडं आहे."

"बोट जाडं आहे, पर आत तं जाते," बायको म्हणाली.

पोरगीनं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं की आजींसाठी बाज अंगणात टाकता येणार नाही का. मी म्हणालो, रस्त्याकडेचं अंगण आहे, मी अन् पोरगा भायेर निजतो, बायका अंगणात निजतात काय? तिनं बायकोला विचारलं.

"नको व माय," बायको म्हणाली. "लोकं काय म्हनतीन. अन् कापूस कोण पाहीन?"

हे तीही म्हणाली होती. मी सगळं माझ्या अंगावर घेत नाही. पण ती 'नको' म्हणाली तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं होतं. ते मी पाहिलं अन् मान हलवली नाही.

"निदान कापूस तरी बाहेर काढता येईल का?" पोरगीनं विचारलं. "कडुनिंबाखाली, वर ताडपत्री टाकून?"

"अन् मी कोठं निजू?" मी म्हणालो.

लोक हसले. मीही हसलो. पोरगी म्हणाली, आजोबा, आजपासून आत जाऊन खरा आकडा लिहा, मी पंधरा दिवसांनी येते. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी झाडाखालूनच लिहिलं.

ते पंधरा दिवस पुरे झाले नाहीत.

बाज नेताना तिनं टोक दोनदा टेकवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. रोज माझ्या आधी उठायची. सुनेनं चहा मांडला, हाक मारली, मग आत गेली अन् ओरडली, "मामाजी!" मी गेलो. अंग तव्यासारखं होतं. डोळे उघडे, पण ओळख नाही. काहीतरी बडबडत होती, त्यातलं मला 'खिडकी' एवढंच समजलं. मुलानं कोणाचीतरी जीप आणली. दवाखान्यात नेईपर्यंत तिची बडबडही थांबली.

डॉक्टर तरुण होता, त्यानं धावपळ केली. अंगावर ओले कपडे टाकले, सलाईन लावलं. मग मला विचारलं, "उन्हात गेल्या होत्या का?"

"नाही जी."

"शेतात, बाजारात, कुठं?"

"नाही जी. घरातच होती. चार दिवसांपासून हापशीच्या पुढं गेलीच नाही."

मी खरं सांगितलं. अन् त्यात खोलीचं, कापसाचं काही सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं नाही अन् मला सुचलं नाही. दुपारी ती गेली. कागदावर हृदय बंद पडलं असं आलं, वय झालं होतं असं लोक म्हणाले. डॉक्टरचा दोष नाही. मी जे सांगितलं त्यावरून त्यानं लिहिलं. उन्हाचा मार उन्हात जाणाऱ्याला लागते, घरात बसलेल्या बाईला कसा लागेल, असंच मीही महिनाभर म्हणत होतो.

संध्याकाळी आम्ही तिला जाळून आलो. आमच्याकडे माणूस जिथं निजत होतं तिथं मागून दिवा ठेवतात. बायका दिवा घेऊन मागच्या खोलीकडे निघाल्या तर शेजारची बुढी म्हणाली, "अवं, कापसात दिवा ठेवता काय? घर जाळता काय?" मग कुठं ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. शेवटी अंगणात, कडुनिंबाखाली ठेवला. माझ्या बाजेच्या जागेवर. वाऱ्यानं विझू नये म्हणून वर दुरडी पालथी घातली.

मी ओसरीत बसलो होतो. आत मुलगा सुनेशी बोलत होता. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही.

"आता कापसापाशी तुले निजा लागन."

"पोरीले घेऊन?"

"मंग? कापूस तसाच उघडा टाकाचा काय?"

"लय गरम होते तेथं," ती म्हणाली. "आत्याबाई सांगत होत्या. रोज सांगत होत्या."

"चार दिवसाचा सवाल आहे. भाव आला का इकून टाकू."

मुलगा वाईट नाही. मी जे केलं तेच त्यानं केलं. मला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे. पण बोललो नाही. सून नातीचं अंथरूण उचलून मागं गेली, अन् खोलीचं दार वाजलं ते मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चूल पेटवायला बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. नातीच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं, पोर दोन्ही हातांनी खाजवत होती. मी वही घेतली अन् मागच्या खोलीत गेलो. ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, तरी आत वाफ होती. बायकोची गोधडी तशीच होती. नळी खुंटीला होती. लाल रेघेच्या बाजूनं चुन्याचे ठिपके एकावर एक चढत गेले होते, कुठं दोन, कुठं तीन जवळजवळ. सगळ्यात वरचा एकटाच होता, दुसऱ्यांपेक्षा बोटभर वर. तो त्या संध्याकाळचा. माझी बाज टाकून, उशी-तांब्या ठेवून आत आली, तेव्हाचा. पट्टीवर पाहिलं तर सेहेचाळीसच्या वर.

ऊन लुगडं पाहून पडत नाही हे मी आजही म्हणतो. पण बाज कोणाची भायेर न्यायची ते आम्हीच पाहून ठरवलं होतं.

मी वहीतला खोलीचा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला. शेजारी लिहिलं, 'मी आत गेलो नाही. ठिपके पाहा.' बाकी लिहिता आलं नाही. मग वही ओसरीत ठेवली अन् तिचं एक जुनं लुगडं भुईवर पसरलं. त्याच्यात मावेल तेवढा कापूस ओढला, चार कोन बांधले अन् गाठोडं खांद्यावर घेऊन अंगणात गेलो. दिवा दुरडीसकट उचलून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. कडुनिंबाखाली कापूस टाकला. परत आलो.

तिसऱ्या-चौथ्या गाठोड्याला मुलगा बंडीवरून उठला.

"बाबा, काय करून राह्यले तुम्ही?"

"कापूस काढून राह्यलो."

"काल माय गेली अन् आज कापूस काढता? लोकं काय म्हनतीन? वारा सुटला तं?"

"ताडपत्री आन."

"अन् तुम्ही कोठं निजान?"

"ताडपत्री आन," मी म्हणालो.

तो उभाच राहिला. सून चुलीपासून उठली, पदर डोक्यावर घेतला अन् आत गेली. माझ्या बरोबरीनं ती कधी अशी कामाला लागली नव्हती. तिनं कापूस ओढून लुगड्यात भरायला सुरुवात केली. मी बांधायचो, न्यायचो, मोकळं लुगडं परत आणायचो. मग मुलगा ताडपत्री आणायला गेला. दिवस डोक्यावर येईपर्यंत अर्धा कापूस अंगणात आला होता, त्यातला थोडा रस्त्यानं उडत होता. जाणारेयेणारे थांबून पाहत होते. शेजारची बुढी म्हणाली, बुढ्याचं डोकं फिरलं.

कापसाच्या मागं खिडकी निघाली. कडी गंजली होती, दगडानं ठोकली तेव्हा उघडली.

सुतकात घर सारवत नाही, पाणी शिंपडत नाही, असं बुढी कुंपणावरून ओरडत होती. मी माठातून लोटाभर पाणी घेतलं. दारापाशी, गोधडी उचलली होती त्या जागेवर, हातानं शिंपडलं. भुई लगेच कोरडी झाली. मी दुसरा लोटा भरायला गेलो.